पहाऱ्याचे वेळापत्रक

आमच्या गल्लीत पूर्वी रात्री एक गुरखा फिरत असे. विजेच्या खांबावर काठीचे दोन ठोके, मागून एक लांब शिटी, आणि मग पावले पुढे निघून जात. त्या आवाजाने झोपमोड झाली असे कोणी कधी म्हटले नाही. उलट ज्या रात्री ठोके पडत नसत त्या रात्री माझी आई अंथरुणात उठून बसे. गुरखा गावी गेला तो परतला नाही, त्यालाही आता पंधरा वर्षे होऊन गेली. गेल्या वर्षीच्या चैत्रात त्याच्या जागी आमच्या घरी दोन कॅमेरे आले. बडोद्यातल्या आमच्यासारख्या जुन्या घरांतूनच नव्हे, तर इंदूर-ग्वाल्हेरच्या सोयऱ्यांच्या दारांवरही हा डोळा आता दिसू लागला आहे. म्हणून त्याच्याविषयीचा आमचा अनुभव, तो आमच्या शहाणपणाचा नसला तरी, वाचकांपुढे ठेवतो.

घरात आम्ही माणसे तीन. ८८ वर्षांची आई, सौ. आणि मी. चिरंजीव आणि सूनबाई बंगळूरला असतात. शेजारच्या गल्लीतून एक स्कूटर आणि एका बंद घरातील तांब्यापितळेची भांडी गेल्याचे त्यांच्या कानी गेले, आणि आठ दिवसांच्या आत एक तरुण शिडी घेऊन दारात उभा राहिला. एक कॅमेरा त्याने दिंडी दरवाजावर बसविला, दुसरा मागच्या अंगणावर. चित्रे साठविणारी पेटी माडीवर ठेवली. माझ्या, चिरंजीवांच्या आणि सूनबाईंच्या अशा तीन फोनांवर इशारे येतील अशी सोय करून दिली, चहा घेतला आणि तो गेला. कॅमेऱ्याने कोठे पाहावे आणि केव्हा पाहावे हे त्याने आम्हाला विचारले नाही. ते विचारावयाचे असते हे आम्हाला तरी कोठे ठाऊक होते?

पहिल्या दिवशी माझ्या फोनवर ११४ इशारे आले. मी मोजले, कारण पहिल्या दिवशी माणूस हौसेने मोजतो. वाळत घातलेले लुगडे हलले, इशारा. तुळशीची सावली वृंदावनावरून खाली उतरली, इशारा. रस्त्याने रिक्षा गेली, तिचा दिवा भिंतीवर फिरला, इशारा. रात्री तर कहरच झाला. अंधारात पाहता यावे म्हणून भिंगाभोवती आपल्याला न दिसणाऱ्या उजेडाचे बारीक दिवे असतात. त्या उजेडात भिंगाजवळून जाणारा एखादा डास पांढऱ्या घुबडाएवढा दिसतो. पुढे एका कोळ्याने भिंगासमोरच जाळे विणले, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर आमच्या घरी चोर येऊ लागला.

ह्यात यंत्राचा दोष नाही. साध्या कॅमेऱ्याला हालचाल कळते म्हणजे एवढेच, की आत्ताचे चित्र तो क्षणापूर्वीच्या चित्राशी ताडून पाहतो आणि किती ठिपके बदलले ते मोजतो. ठराविक मर्यादेहून अधिक बदलले की तो ओरडतो. चोर कोण, साव कोण, पान कोणते आणि पाय कोणता, हे त्याच्या हिशेबात नाही. नव्या जातीचे कॅमेरे माणसाची आकृती ओळखतात असे सांगतात. आमचाही तसाच आहे. बहुतेक वेळा ओळखतो, परंतु एकदा त्याने दोरीवरच्या माझ्या धोतराला माणूस ठरविले, आणि चादर पांघरून वाकलेल्या आईला ठरविले नाही.

चौथ्या दिवशी मी फोनमधील ह्या इशाऱ्यांचा आवाज बंद केला. चिरंजीवांनी तो दुसऱ्याच दिवशी बंद केला होता आणि सूनबाईंनी पहिल्या संध्याकाळी. हे आम्हाला एकमेकांविषयी ठाऊक नव्हते. प्रत्येकाची समजूत अशी, की दुसरा कोणीतरी ऐकत असेल.

श्रावणातली गोष्ट. पहाटे उठून पारिजातकाची फुले वेचण्याचा आईचा नेम ह्या घरात लग्न होऊन आली तेव्हापासूनचा आहे. रात्रभर पाऊस लागला होता. शहाबादी फरशीवर शेवाळ धरले होते. तिचा पाय सरकला. आम्ही पुढच्या खोलीत, दार लावून, पंखा लावून निजलेले. तिने हाका मारल्या असतील. पुढे विचारले तेव्हा म्हणाली, "दोनदा मारल्या. मग म्हटले, दूधवाला येईलच." दूधवाला पाच पस्तीसला आला, सौ. उठली, आणि मागचे दार उघडे का म्हणून पाहावयास गेली. आईचा डावा मनगट मोडला होता. परकराच्या ओच्यात वेचलेली फुले तशीच होती.

प्लास्टर घालून घरी आणल्यावर चिरंजीवांचा फोन आला. त्यांनी विचारले, "बाबा, इशारा आला नव्हता का?" मी फोन उघडला. आला होता. ४ वाजून ५२ मिनिटांनी मांजर, ५ वाजून ११ मिनिटांनी आई, ५ वाजून १४ मिनिटांनी पुन्हा मांजर, जे येऊन तिच्याजवळ बसले होते. तीनही फोनांवर तेच तीन इशारे ओळीने होते. कॅमेऱ्याने आपले काम चोख केले होते. चिरंजीव पलीकडे बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

गणेशचतुर्थीला ते आले तेव्हा मोदकांच्या आधीच आम्ही एक कोरा कागद घेऊन बसलो. यंत्राला हात लावण्याआधी घराचा दिवस लिहून काढू, असे ते म्हणाले. ही कल्पना मला फार आवडली. ह्या घरात मी सहासष्ट वर्षे राहत आहे, पण त्याचा दिवस मला नीट सांगता येईना. पेपर कितीला पडतो? मोलकरीण मागच्या दाराने येते की पुढच्या? दुपारी अंगणात पापड राखावयास कोण बसते? उत्तरे सौ. आणि आई देत होत्या, आम्ही दोघे लिहीत होतो.

मग क्षेत्रे आखली. फोनवर चित्र उघडले की त्याचे लहान लहान चौकोन पाडलेले दिसतात. जे चौकोन बोटाने रंगवावेत तेवढ्याच भागातील हालचालीची दखल कॅमेरा घेतो. बसविणाऱ्याने सबंध चित्र रंगवून ठेवले होते, रस्ता, आकाश आणि समोरच्या घराचा ओटासुद्धा. आम्ही ते पुसून दिंडीच्या आतल्या तीन पायऱ्यांपुरतीच जमीन रंगविली. चोराचे डोके कोठेही असो, त्याचे पाय जमिनीवरच पडणार, हे चिरंजीवांचे तर्कशास्त्र. मागे दोन क्षेत्रे केली. एक भिंतीच्या पायथ्याचे, कारण कोणी उतरलाच तर तेथे उतरेल, आणि दुसरे स्वयंपाकघराच्या दारापासून पारिजातकापर्यंतचा पट्टा. भिंतीचा माथा मुद्दाम सोडला, तो मांजरांचा हमरस्ता आहे. ज्यांना क्षेत्र आखावयाचे असेल त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. माणूस भिंगासमोरून आडवा जातो तेव्हा चित्र पुष्कळ बदलते, सरळ भिंगाकडे चालत येतो तेव्हा थोडे. म्हणून आडव्या वाटेवरचे क्षेत्र लवकर जागे होते. आणि दर आठवड्याला एकदा कोरड्या कुंच्याने जाळी काढावी. ह्या कामाला अजून यंत्र निघालेले नाही.

त्यानंतर वेळा. वेळापत्रकाचा तक्ता शाळेतल्यासारखाच असतो, उभे सात वार, आडवे चोवीस तास. पुढच्या कॅमेऱ्याला रात्री ११ ते पहाटे ५ दिले. पाचनंतर पेपर, दूध आणि फुलवाला सुरू होतात आणि सगळी गल्ली जागी असते. मागच्याला ११ ते सकाळी ६.३० दिले. तेथे एक अडचण निघाली. आमच्या पेटीत एका कॅमेऱ्याला क्षेत्रे अनेक आखता येतात, पण वेळापत्रक सर्व क्षेत्रांना मिळून एकच. चोराचे तास वेगळे आणि आईचे वेगळे असे करता आले नाही. जे होते ते दोन्ही कामांना पुरण्यासारखे होते म्हणून भागले. घेण्यापूर्वीच हे दुकानात विचारून घ्यावे.

आता झाले असे वाटले आणि तिसऱ्या रात्री पावणेनऊला, घरी पाहुणे येत असताना, दिंडीवरच्या कॅमेऱ्याने हाकाटी केली. उलट पहाटे साडेतीनला मी स्वतः मुद्दाम पायऱ्या उतरून पाहिले, तर फोन गप्प. चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत वेळ उमटते, ती मी इतके महिने कधी वाचलीच नव्हती. तेथे सकाळचे सहा वाजले होते. पेटी जिथे तयार झाली त्या चीनचे घड्याळ तिच्यात तसेच राहिले होते, आणि ते आपल्याहून अडीच तास पुढे असते. आमचा ११ ते ५ चा पहारा प्रत्यक्षात साडेआठला सुरू होऊन रात्री अडीचला संपत होता, म्हणजे चोराच्या खऱ्या मुहूर्तावर घर उघडे. घड्याळ भारतीय वेळेवर लावले. तेव्हापासून वीज जाऊन आली की मी आधी तो कोपरा पाहतो.

समोरच्या ओट्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. तेथे एक वृद्ध गुजराती बाई राहतात. सारी गल्ली त्यांना 'बा' म्हणते. दुपारी त्या ओट्यावर बसून तांदूळ निवडतात आणि केस विंचरतात. त्यांचा ओटा क्षेत्रातून पुसला म्हणजे आपण त्यांना पाहणे सोडले, अशी माझी भाबडी समजूत होती. चिरंजीवांनी ती दूर केली. क्षेत्राबाहेरची हालचाल इशारा देत नाही एवढेच, चित्रण मात्र सगळ्याचेच होत राहते. ते टाळावयाचे तर चित्राच्या त्या भागावर काळा पडदा टाकावा लागतो, आणि तशी सोय यादीत बरीच खाली, वेगळी असते. आम्ही पडदा टाकला आणि मी बांना घरी बोलावून तो दाखविला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, हे बांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण काळा चौकोन पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हवे सारुं." इतके दिवस त्या पदर सावरून बसत होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ह्या परिचारिकेने, पतीच्या मदतीने, घराच्या पहाऱ्यासाठी कॅमेऱ्याची योजना आखून १९६६ साली पेटंटचा अर्ज केला. १९६९ साली ते मिळाले. पती-पत्नींच्या कामाच्या वेळा वेगवेगळ्या, घरी एकटे राहण्याची पाळी, आणि पोलीस येण्यास विलंब, ही त्या योजनेमागची कारणे होती. तिचा कॅमेरा दारात पाडलेल्या चार छिद्रांतून बाहेर पाही. दारात आलेला माणूस कोण, एवढेच तिला हवे होते.

आईला मात्र हे सारे पसंत नव्हते. "मी फुले वेचते ते बंगळूरहून पाहणार होय?" असे तिने नातवाला सरळ विचारले. तिचे म्हणणे खोटे कसे म्हणावे? ज्या अंगणात ती सून म्हणून आली त्याच अंगणात तिच्यावर पाळत ठेवावयाची, आणि तिला न विचारता! शेवटी तिने दोन अटी घातल्या. पहाटेचा इशारा फक्त माझ्या फोनवर यावा, आणि सकाळी साडेसहानंतर मागचा डोळा पूर्ण मिटावा, चित्रणासकट. दोन्ही मान्य झाल्या. चिरंजीवांनी आपल्या फोनवरील मागचा कॅमेरा तिच्यादेखत काढून टाकला. त्यांना ते सोपे गेले नाही हे मला दिसत होते.

यंत्राला वार कळतात, तिथी कळत नाही. नवरात्रात गरब्याहून मुले मध्यरात्रीनंतर परततात, तेव्हा नऊ रात्री पुढच्याला एकपासून जागे करावे लागले. संकष्टीला चंद्रोदय पाहण्यासाठी सौ. गच्चीवर जाते, म्हणून गच्चीवर तिसरा कॅमेरा बसविण्याचा बेत मी रद्द केला. जानेवारीत १४ आणि १५ तारखांना उत्तरायणाचे पतंग आकाशभर असतात, आणि कापलेल्या पतंगामागे गल्लीतली पोरे न विचारता आमची दिंडी ओलांडून येतात. ते दोन दिवस वेळापत्रकात मी दोन्ही कॅमेऱ्यांना सुट्टी लिहून ठेवली आहे.

आता दिवसाकाठी माझ्या फोनवर दोन किंवा तीनच इशारे येतात, आणि आवाज चालू असतो. फोन पडणे सांगत नाही, हालचाल सांगतो, तेव्हा तो वाजल्यावर उठणे मला चुकत नाही. फरशीवरचे शेवाळ मी दर रविवारी घासतो. पहाटे पाचच्या सुमारास उशाशी बारीक टण् होते. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवतो आणि दार किलकिले करून उभा राहतो. आई वळून पाहत नाही, फक्त म्हणते, "आले कमी घाल रे आज."