चाकू आहे का कुणाकडे?

ऑफिसमधला कुठलाही बर्थडे आठवा. केक आलाय, मेणबत्ती लागलीय, एचआरवाली मोबाइल रोखून उभी. आणि तेवढ्यात कुणीतरी विचारतं, ‘चाकू आहे का कुणाकडे?’ बेकरीवाल्याने दिलेली प्लास्टिकची सुरी बॉक्सबरोबर कचऱ्यात गेलेली असते. मग कुणी स्टीलची पट्टी शोधतं, कुणी कॅन्टीनमधून चमचा आणायला पळतं. मी फ्रीलान्सर, त्यामुळे तीन-चार ऑफिसांतले केक माझ्या वाट्याला येतात. अशा वेळी माझा हात आपोआप बॅगेच्या आतल्या कप्प्यात जायचा. खट्... लाल मुठीचा चाकू उघडायचा, केक कापला जायचा, आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असायचं. ‘बाप रे, तू चाकू घेऊन फिरतेस?’

मुलगी आणि चाकू म्हटलं की त्यापुढचा प्रश्न ‘सेल्फ डिफेन्स का?’ यात विचारणाऱ्याचा दोष नाही. दिल्लीच्या घटनेनंतर, २०१३च्या जानेवारीत, शिवसेनेने मुंबईत बायकांना चाकू वाटले होते. पर्समधल्या चाकूला तेवढं एकच काम असतं असं सगळ्यांनी धरून टाकलंय. खरं सांगू? माझ्या चाकूने केलेलं सगळ्यात हिंसक कृत्य म्हणजे एका कलिंगडाचा खून. पातं अडीच इंचाचं, कलिंगड चार किलोचं. शेवटी आम्ही ते दगडावर आपटलं.

‘आम्ही’ म्हणजे आमचा सात जणांचा ग्रुप. ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि एक बदलापूर. एक सीए, दोघं आयटीत, एक एमआयडीसीत मेंटेनन्सला, एक शाळेत ड्रॉइंग शिकवते, एक मी, आणि एक रिटायर्ड काका, ज्यांचं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. आमच्यात कॉमन एकच गोष्ट. खिशात मावणारे, घडीचे चाकू. वापरायचे, धार लावायचे, एकमेकांचे बघायचे आणि त्यावर तासन् तास बोलायचं. हो, अशी माणसं असतात.

माझी एंट्री झाली ती शेवटच्या कसारा लोकलमुळे. रात्री कल्याणला चढायचं, पहाट कसाऱ्याला काढायची आणि जीपने रतनगड, असा टिपिकल प्लॅन. चढताना माझ्या सॅकचा पट्टा उसवला. एका अनोळखी मुलाने खिशातून स्विस चाकू काढला. त्यात चांभाराकडे असते तशी छोटी आरी असते आणि तिला सुईसारखं नेढंही असतं. (नेढं म्हटलं की ज्यांना रतनगडच आठवतो, त्यांच्यासाठी - हे दुसरं.) त्यात त्याने दात साफ करायचा फ्लॉस ओवला आणि दहा मिनिटांत पट्टा शिवून दिला. तो टाका अजून शाबूत आहे. तो मुलगा म्हणजे आमचा सीए.

नंतर कळलं की या जमातीची एक खूण असते. डाव्या मनगटाच्या वर, तळहाताएवढ्या जागेत केसच नसतात. धार लावल्यावर ती चालते का हे बघायचा सोपा उपाय म्हणजे हातावरून पातं अलगद फिरवायचं. धार खरी असेल तर केस उडतात. आमच्या आयटीवाल्याने बदलापूर लोकलमध्ये समोरच्याचा असा हात बघून विचारलं होतं, ‘दगड कुठला वापरता?’ समोरचा दचकला नाही. म्हणाला, ‘हजारचा. तुम्ही?’ ग्रुपमध्ये सातवा माणूस असा आला.

पूर्वी आम्ही रविवारी सकाळी ठाण्याला तलावपाळीवर भेटायचो. एकदा काकांनी बाकावर रुमाल पसरून पाच चाकू मांडले, तर शेजारच्या आजी नातवाला उचलून थेट जांभळी नाक्याच्या दिशेने चालू लागल्या. त्यांचं बरोबरच होतं. तेव्हापासून डोंबिवली ईस्टला काकांच्या बिल्डिंगची गच्ची.

तिथे मुख्य कार्यक्रम धारेचा. दगड पाण्यात भिजत घालायचे, आधी चारशेचा, मग हजारचा, हौस असेल तर तीन हजारचा. आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. सगळा फंडा कोनाचा आहे. पातं दगडावर साधारण वीस अंशात धरायचं आणि शेवटपर्यंत तेच ठेवायचं. अंश कसे मोजायचे? काकांनी मला कागदाचा कोपरा दिला. काटकोन एकदा दुमडला की पंचेचाळीस, पुन्हा दुमडला की साडेबावीस. तो पाचरीसारखा पात्याखाली धरून बघायचा आणि काढून घ्यायचा. मी पहिले तीन महिने चाकू फक्त बोथट करत होते. काका ओरडले नाहीत, एवढंच म्हणायचे, ‘अगं, दाबतेयस कशाला? दगडाला काम करू दे.’ दाब गेला आणि चौथ्या महिन्यात पात्याच्या पलीकडच्या बाजूला बोटाला ती बारीकशी कंगोऱ्यासारखी कड लागली. धार तयार झाल्याची ती खूण. मग दुसरी बाजू, मग जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने दहा-बारा हात, न्हावी वस्तरा फिरवायचे तसे. शेवटी टोमॅटो. सालीवर पातं नुसतं ठेवून ओढलं आणि ते आत गेलं, तर पास.

सायकलवर चाक लावून दारोदार फिरणाऱ्या धारवाल्याबद्दल ग्रुपमध्ये मतभेद आहेत. कोरड्या चाकावर पातं तापतं, तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, असं काकांचं म्हणणं. ते शास्त्र बरोबरच आहे. पण आईच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या मी अजून त्याच्याकडेच देते. ठिणग्या बघायला लहानपणी गॅलरीत धावायचे, ते काही सुटत नाही.

चाकूंचे स्वभाव असतात, हे पावसाळ्यात कळतं. स्विस चाकूला काही होत नाही. त्याचं स्टेनलेस पोलाद थोडं मऊ, धार लवकर जाते पण लवकर लागतेही. याउलट आमच्या ड्रॉइंग टीचरचा ओपिनेल. फ्रान्सच्या डोंगराळ सव्वा प्रांतात १८९०मध्ये जोसेफ ओपिनेलने हा बनवला. लाकडी मूठ, एकच पातं, बस्स. तिचं पातं साध्या कार्बन पोलादाचं आहे. धार अशी लागते की विचारू नका, पण लिंबू कापून न पुसता ठेवला तर संध्याकाळी काळा. जुलैत डोंबिवलीची हवा लागली की मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं आत अडकून बसतं. मग मुठीचं टोक टेबलावर हलकं आपटायचं, की पातं थोडं बाहेर डोकावतं. सव्वातले लोकही हेच करतात म्हणे. तिने ती मूठ आता घासून, तेल पाजून ठेवलीय. पाऊस आला की लोक छत्र्या काढतात, ती खोबरेल काढते.

स्विस चाकूची गोष्ट तर ऑफिसवाल्यांना आवडावी अशी. कार्ल एल्सनरने १८९१मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्यात पातं, आरी, डबे उघडायचं हत्यार आणि बंदूक खोलायला स्क्रूड्रायव्हर. लढाईपेक्षा जेवण आणि रिपेअरिंगचाच विचार जास्त! १८९७मध्ये आला कॉर्कस्क्रूवाला ‘ऑफिसर’ चाकू. तो सैन्याने ऑफिसरांना कधी दिलाच नाही, ज्याने त्याने स्वतःच्या पैशाने घ्यायचा. आणि उल्हासनगर जवळ असल्यामुळे आमच्याकडे ‘मेड इन यूएसए’वाले अकरा पात्यांचे लाल चाकूही भरपूर. पहिल्या सफरचंदाला त्यांचं पातं हलायला लागतं. आमच्यातल्या चौघांची सुरुवात तिथूनच झालीय, त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही.

तरीही लोक दचकतात ते का? मला वाटतं, आपल्या डोक्यात चाकू म्हणजे रामपुरी. हिंदी सिनेमाने ते इतकं पक्कं करून ठेवलंय की रामपूर शहराने २०२३मध्ये चौकात वीस फुटी चाकूच उभा केला. पण आपल्या घरातला खिशातला चाकू वेगळाच होता. आजोबांच्या चंचीत अडकित्ता असायचा आणि त्याला कुणी हत्यार म्हणत नसे. पुण्याच्या केळकर म्युझियममध्ये अडकित्ते बघा, एकेकाची घडण बघत राहावं अशी. मुरबाड-शहापूरकडच्या गावांत कमरेच्या आकडीला कोयता अडकवून माणूस बाजारात येतो, कुणी वळूनही बघत नाही. तोच माणूस ठाण्याच्या मॉलमध्ये शिरला तर?

इथे कायद्याचं सांगायला हवं, कारण नव्या पोरांना ‘सगळं लीगल आहे यार’ असं वाटतं. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू धरलेत, घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाचे सोडून. आपले अडीच-तीन इंच त्यात येत नाहीत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आहे. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की त्याखाली मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू, काठ्या, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला बंदी असते. तिथे इंच मोजत नाहीत. अशाच दिवसांत आमच्या मेंटेनन्सवाल्याला एका स्टेशनवर रात्री अडवलं. डबा, हेल्मेट, टेस्टर, चाकू. पाऊण तास बसवून ठेवलं, मग सोडलं. त्याला राग आला नाही, लाज वाटली. प्लॅटफॉर्मवर ओळखीचे होते. त्यानंतर तो गच्चीवर येतो, पण खिसा रिकामा.

मला पोलिसांची बाजू कळते. लोकल पानावर ‘चाकूहल्ला’ हा शब्द मीही वाचते, आणि हल्ला करणाऱ्याकडे पण असाच एखादा स्वस्त चाकू असतो. खुद्द व्हिक्टोरिनॉक्सने २०२४मध्ये सांगितलं की पातं नसलेलं मॉडेलही बनवतोय, कारण काही देशांत नियम कडक होत चाललेत. चाकूवाल्या कंपनीनेच पातं काढायचं! ग्रुपवर त्या दिवशी जाम भांडण झालं. मी म्हटलं, आरी आणि कात्री राहिली तरी पुष्कळ. ड्रॉइंग टीचर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि मग माझाच चाकू गेला. पोलिसांनी नाही, माझ्या वेंधळेपणाने. एका दिवसाच्या कामासाठी बेंगळुरूला निघाले होते, फक्त केबिन बॅग. आतल्या कप्प्यात चाकू आहे हे एक्स-रेच्या पट्ट्याजवळ लक्षात आलं. चेक-इन करायला वेळ नव्हता. ट्रेमध्ये कात्र्या, लायटर पडले होते, त्यात तो ठेवला. सिक्युरिटीतली मुलगी म्हणाली, ‘सॉरी मॅडम.’ तिने म्हणायची गरज नव्हती.

तो चाकू बाबांचा होता. त्यांच्या कंपनीतल्या कुणीतरी गल्फमधून आणलेला. माझ्या शाळेच्या सगळ्या पेन्सिलींना त्याने टोक केलंय, वायरी सोलल्यात, मोसंबी सोललीत. इतक्या वर्षांच्या धारेने मोठं पातं झिजून निम्मं झालं होतं. मी कॉलेजात गेले तेव्हा त्यांनी तो टीव्हीवर ठेवला आणि म्हणाले, ‘घे, तुला लागेल.’ हातात दिला नाही. आमच्याकडे सुरी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. (ट्रेकवर आमचा नियम हाच आहे. आजी भांडणाला घाबरायची, आम्ही टाक्यांना.)

घरी येऊन सांगितलं. बाबा पेपर वाचत होते. ‘त्याची स्प्रिंग तशीही ढिली झाली होती,’ म्हणाले आणि पान उलटलं. त्या रविवारी मी गच्चीवर गेले नाही. पुढच्याही नाही.

तिसऱ्या रविवारी सीए घ्यायला आला. गच्चीवर टेबलावर रुमाल, त्यावर एक जुना, ओरखडे पडलेला लाल चाकू. काकांचा, टूलरूमच्या दिवसांतला. ‘रुपया टाक,’ काका म्हणाले. चाकू फुकट दिला तर दोस्ती तुटते, म्हणून घेणाऱ्याने एक नाणं द्यायचं. हा रिवाज परदेशातला, पण आमच्या ग्रुपने मनावर घेतलाय. माझ्याकडे नाणं नव्हतं. हल्ली असतं कुणाकडे? ‘जीपे करू?’ ‘छे. नाणंच.’ सीएने स्वतःचा रुपया काढला, तर मग चाकू कुणाचा झाला यावर वीस मिनिटं वाद. शेवटी मी चार मजले उतरून टपरीवर गेले, दोनाचं नाणं असलेल्या मुलाला पेपरमिंट घेऊन दिलं, त्याच्याकडून ते नाणं घेतलं आणि वर आले. काकांनी एक रुपया परत केला.

संध्याकाळी तो चाकू मी बाबांसमोर टीपॉयवर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, स्प्रिंग दोनदा खटकावली, फ्रीजमधून मोसंबं आणलं आणि एका लांब सालीत सोललं.

‘धार बरी आहे,’ म्हणाले. ‘कुणी लावली?’