रिकाम्या परतीचे डिझेल

शहापूर-मुरबाडकडची भेंडी पिकअप गाडीतून कल्याणच्या बाजार समितीत जाते. गाडी विकताना सांगितले जाणारे ‘ॲव्हरेज’ प्रयोगशाळेत, रोलरवर चाके फिरवून मोजलेले असते. वाटेवरचे खड्डे आणि कोंडी त्यात नसतात. परंतु खरी गफलत याहून खोल आहे.

समजा, बाजार 30 किलोमीटरवर आहे. 10 क्विंटल माल नेताना गाडी लिटरला 10 किलोमीटर धावते, रिकामी परतताना 15. एकूण डिझेल 5 लिटर, सरासरी 12; म्हणजे क्विंटलमागे अर्धा लिटर. परतीतही 10 क्विंटल खत वा किराणा भरला, तर सरासरी 10 वर घसरेल; पण क्विंटलमागे डिझेल लागेल केवळ 0.3 लिटर. ‘ॲव्हरेज’ बिघडले, वाहतूक मात्र स्वस्त झाली!

ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. तेव्हापासून दरवाढीची झळ थेट भाड्याला लागते आणि रिकाम्या परतीचा भुर्दंड अखेर शेतकऱ्याच्या पट्टीतून वळता होतो. तेव्हा विविध कार्यकारी सोसायट्यांनी परतीच्या मालाची सांगड घालून द्यावी. गाडी किती धावली, यापेक्षा तिने किती ओझे वाहिले, हाच हिशेब खरा.