‘सदाशिवपेठी’ हे विशेषण आहे, खंडन नव्हे

१/ इतिहासाच्या वादात एखादे साधन पुढे आले की हल्ली ‘त्यात काय लिहिले आहे?’ असे कोणी विचारत नाही. ‘ते छापले कोणी?’ असे विचारतात. उत्तर ‘सदाशिव पेठ’ असे आले, की एका पक्षाच्या दृष्टीने साधन तत्क्षणी खोटे ठरते आणि दुसऱ्याच्या दृष्टीने वेदवाक्य. कागद दोघांनीही वाचलेला नसतो.

२/ न्यायशास्त्रात अशा कारणांना हेत्वाभास म्हणतात. त्यांतला ‘सव्यभिचार’ येथे नेमका लागू पडतो : जो हेतू खऱ्याबरोबरही आढळतो आणि खोट्याबरोबरही, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

३/ शिवजन्माचा वाद पाहावा. उत्तरकालीन बखरींमुळे १६२७ हे वर्ष रूढ होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रकाशात आणली, ती आज सदाशिव पेठेत असलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत. तीत नोंद आहे : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

४/ हे ‘पेठी कारस्थान’ असेल, तर काही गोष्टींचा उलगडा व्हावा. शकावली जपली होती कारीच्या जेधे देशमुखांनी, म्हणजे कान्होजी जेध्यांच्या घराण्याने. तीच तिथी ‘शिवभारता’त आहे. हा ग्रंथ १९२७ मध्ये मंडळानेच छापला, हे खरे. पण पोथी तंजावरची आणि कर्ता कवींद्र परमानंद हा महाराजांचा समकालीन. राजस्थानात सापडलेली जन्मपत्रिकाही त्याच तिथीची. मावळ, तंजावर आणि राजस्थान यांनी मिळून पुण्यातल्या एका पेठेसाठी कट रचला काय?

५/ भक्तांचीही सुटका नाही. ‘टिळकांनी छापले, म्हणून खरे’ हाही सव्यभिचारच. याच टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचे प्रतिपादन केले होते. आज ते इतिहासकारांना मान्य नाही. १६३० टिकले, ते परस्परांपासून दूर राहिलेली साधने जुळली म्हणून.

६/ स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचा खोडत राहणे, याला वितंडा म्हणतात. ‘१६३० खोटे’ म्हणणाऱ्याला ‘मग खरे कोणते आणि कशावरून?’ असे विचारावे. तो बहुधा विचारणाऱ्याचे आडनाव विचारतो.

७/ जाता जाता : दरवर्षी ‘जयंती तारखेने की तिथीने’ यावरून दोन तट एकमेकांना इतिहासद्रोही ठरवतात. १९ फेब्रुवारी आणि फाल्गुन वद्य तृतीया, दोन्ही दिवस त्याच एका नोंदीतून आलेले.