गेटचा फोटो नको, बाहेर पडायचा नकाशा दाखवा

कुठल्याही थीम पार्कची घोषणा झाली की आम्हा पत्रकारांच्या हातात आधी एक चित्र पडतं. कॉम्प्युटरवर काढलेलं. मोठ्ठं गेट, मागे आकाशपाळणा, समोर फुगे धरलेली पोरं. वीस वर्षं बातमीदारी करतोय, अशी किती चित्रं छापली त्याचा हिशोब नाही. त्या चित्रात गर्दी नसते, मे महिना नसतो, पावसाळा नसतो. आणि माणसं बाहेर कुठून पडणार, हे तर कधीच नसतं.

आज लिहायचं कारण म्हणजे गोरेवाडा. तिथलं प्राणिसंग्रहालय २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, तेव्हापासून "गोंडवाना थीम पार्क" हे नाव आपण ऐकतोय. कल्पना चांगलीच आहे. हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलं आणि शहरात त्याची आठवण सांगणाऱ्या जागा मोजक्या. पार्क व्हायलाच पाहिजे. पण कसं व्हावं, यावर निविदा निघायच्या आधी बोललं पाहिजे. नंतर बोललं की आपण "विकासविरोधी" ठरतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

थीम म्हणजे काय, हे कळायला धरमपेठच्या लोकांना फार लांब जायची गरज नाही. आपलं ट्रॅफिक पार्क आहे ना. छोटे रस्ते, सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग, वाहतुकीच्या पाट्या. तिथं थीम गेटवर रंगवलेली नाही, ती लेकराच्या पायाखाली आहे. पोरगं खेळता खेळता लाल दिव्याला थांबायला शिकतं. (मोठं झाल्यावर लॉ कॉलेज चौकात विसरतं, तो भाग वेगळा.) माझ्या मते थीम याला म्हणतात. नाहीतर तोच पाळणा, तीच घसरगुंडी, वर फायबरचा वाघ आणि बाजूला सिमेंटचा आदिवासी भाला धरून उभा. त्याला थीम नाही, सजावट म्हणतात.

आता गेटबद्दल. गोंडवानाचं गेट करायचं तर आधी चंद्रपूरला जाऊन परकोट बघून या. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर असे चार दरवाजे. दरवाज्यांवर हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरलेला, गोंड राजांचं राजचिन्ह. डिझायनर मंडळी त्या सिंहाचा फोटो काढतील, फायबरमध्ये ओततील आणि गेटवर चढवतील, याची मला खात्री आहे. पण बघायची गोष्ट दुसरीच आहे. त्या राजांनी एका शहराला चार दिशांना चार दरवाजे ठेवले. तेवढ्यावर थांबले नाहीत, मध्ये मध्ये खिडक्या ठेवल्या. बगड खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी. खिडकी म्हणजे माणसानं ये-जा करायचा लहान दरवाजा. मुख्य दरवाज्यावर अडचण आली तर माणूस कोंडून राहू नये, एवढी साधी अक्कल त्यात आहे. आणि उलटा धडाही तिथंच मिळतो. जटपुरा गेटवर आज गाड्या कशा अडकतात ते चंद्रपूरकरांना विचारा. गेट कितीही देखणं असो, सगळी गर्दी एकाच तोंडातून काढली की ते अडथळाच होतं.

ही अक्कल नसली की काय होतं? २५ मे २०२४, राजकोट. उन्हाळ्याच्या सुट्या, शनिवार, ९९ रुपयांच्या तिकिटाची ऑफर. टीआरपी गेम झोनला आग लागली. २७ जीव गेले, त्यात लहान लेकरंही होती. पत्र्याचं तात्पुरतं बांधकाम, आत वेल्डिंग चालू, अग्निशमन विभागाची एनओसी नाही आणि बाहेर पडायची वाट जवळजवळ एकच. बाहेरून बघणाऱ्याला ती जागा झकासच दिसत असणार.

म्हणून गेटचं चित्र आलं की माझा पहिला प्रश्न असा आहे: आत जायचं गेट एक दाखवलंत, बाहेर पडायची किती? ती एकमेकांपासून किती लांब? तिकीट बुडवून कोणी घुसू नये म्हणून त्यांना कुलूप लावणार का? लावणारच, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. मग किल्ली कोणाजवळ, हेही कागदावर लिहा.

राइड्सचं तसंच आहे. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावावर पेंड्युलमसारखी झुलणारी राइड हवेत असताना तुटली. २ जण गेले, २५ हून अधिक जखमी. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत २४ वर्षांची मुलगी रोलर कोस्टरवरून पडून गेली. प्रत्येक वेळी आपण दोन दिवस हळहळतो आणि ऑपरेटरला अटक झाली की विषय संपतो. पण राइड विकत घेणं हा एका दिवसाचा खर्च आणि ती रोज सकाळी तपासणं हा वीस वर्षांचा. निविदेत पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो, दुसरा शोधावा लागतो. बोल्ट कोण तपासणार, पट्टा कोण बघणार, "आज राइड बंद" म्हणायचा अधिकार कोणाला? तिकिटाच्या गल्ल्यावर बसलेल्याला तो अधिकार असेल, तर रविवारी संध्याकाळी राइड बंद होणार नाही. कधीच नाही.

आता आपल्या नागपूरचा खास विषय. ऊन. साधा हिशोब करू. एका राइडवर २४ जागा. फेरी ३ मिनिटांची, उतरवायला-चढवायला ५ मिनिटं. म्हणजे तासाला साधारण १८० माणसं. रांगेत ६०० असतील तर शेवटचा माणूस सव्वातीन तासांनी बसेल. मे महिन्यात, ४५ अंशात! मग सांगा, डिझाइन राइडचं महत्त्वाचं की रांगेचं? रांगेवर छप्पर पाहिजे, माठ नाहीतर कूलर पाहिजे, आजी-आजोबांना टेकायला बाक पाहिजे. १९५५ साली अमेरिकेत डिस्नेलँड उघडलं तेव्हा पहिल्याच दिवशी पिण्याच्या पाण्याच्या तोट्या कमी पडल्या, उन्हानं डांबर मऊ होऊन बायकांच्या टाचा रुतल्या. डिस्नेचं हे झालं तर आपलं काय होईल, राजेहो! आणि लोखंडी घसरगुंडी उन्हात ठेवू नका, एवढं कळायला कन्सल्टंट लागत नाही.

पाण्याची दुसरी बाजू तर आपण भोगलेलीच आहे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट धरमपेठ, शंकरनगर, डागा लेआउटमधलं कोणी विसरलेलं नाही. अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरात शिरली. त्यानंतर सगळ्यांचं लक्ष कुठं गेलं? क्रेझी कॅसलच्या आवारात आवळलेल्या नदीपात्राकडे आणि डागा लेआउटमध्ये नदीवर स्लॅब टाकून केलेल्या स्केटिंग रिंककडे. दोन्ही मनोरंजनाच्याच जागा. दोन्हींचं चित्र मंजूर झालं तेव्हा त्यात नदी किती रुंद दाखवली होती, हे बघायला मला आवडेल. गोंड राजे तर तलावांसाठी ओळखले जातात. त्यांच्या नावाच्या पार्कात पाणी अडवून बसणारं बांधकाम झालं तर त्याहून मोठी थट्टा नाही. उलट पाणी कसं साठवायचं, कसं वाहू द्यायचं, हीच तिथली थीम करा. पोरांना कालवा उघडू द्या, तलाव भरू द्या, सांडवा वाहताना दाखवा. खेळही होईल आणि शिक्षणही.

शेवटचा मुद्दा, जागा कोणाची. अंबाझरी उद्यानाची जागा मनोरंजन प्रकल्पासाठी खासगी कंपनीकडे गेली आणि तिथलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडलं गेलं. मग लोक गेटबाहेर आंदोलनाला बसले, दोन-चार दिवस नाही, महिनोन्‌महिने. ज्यांची आठवण त्या जागेत होती त्यांना आधी विचारलं असतं तर ही वेळ आली नसती. गोंडवाना पार्कात ही चूक पुन्हा नको. गोंड समाजातली जाणती माणसं, कलाकार हे उद्घाटनाला नाचायला नकोत, नकाशा काढताना टेबलावर पाहिजेत. कशाचा खेळ करायचा आणि कुठलं देवस्थान खेळापासून लांब ठेवायचं, हे तेच सांगतील. पाट्या गोंडीतही लागल्या पाहिजेत.

काही जण म्हणतील, "भाऊ, चांगलं काही होऊन राहिलं तर तुम्ही काड्या कराल." नाही हो. मॉलमधल्या गेम झोनमध्ये दोन लेकरांना तासभर खेळवायला काय पैसे लागतात, हे मध्यमवर्गीय बापाला विचारा. स्वस्त, मोकळी, सार्वजनिक जागा हवीच आहे. म्हणूनच ती नीट हवी आहे.

माझं मागणं मोठं नाही. पार्क मनपाचं असो, नासुप्रचं असो की वनविकास महामंडळाचं, निविदेआधी चार कागद लोकांसमोर लावा:

१. बाहेर पडायच्या सगळ्या वाटा आणि अग्निशमन गाडीचा रस्ता दाखवणारा नकाशा.
२. प्रत्येक राइड रोज कोण तपासणार, नोंद कुठं ठेवणार आणि ती लोकांना कुठं बघायला मिळणार.
३. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठं जातं.
४. व्हीलचेअरवरचं पोरगं गेटपासून राइडपर्यंत कसं पोचणार. पारडीला दिव्यांगांसाठी अनुभूती पार्कची घोषणा झाली, आनंद आहे. पण एक पार्क त्यांचं आणि बाकी सगळी आपली, असं चालणार नाही.

जवळपास चार वर्षं मनपात प्रशासक होते, कोणाला विचारायचं हाच प्रश्न होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, आता वॉर्डात नगरसेवक आहेत. तुमच्याकडे त्यांचा नंबर असेलच, प्रचारात दिला होता त्यांनी. फोन करा आणि विचारा, शहरात पुढचं जे कुठलं पार्क होईल त्याचे हे चार कागद मागणार का. काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. मी गोळा करतोय.