काका, तुमची रफ वही दाखवा ना!

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. त्यामुळे दहावीपर्यंत 'सातबारा' म्हणजे मला पाढाच वाटायचा. सात बारे चौऱ्याऐंशी! पुढे कळलं की गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, आणि नमुना बारा म्हणजे तीत पीक कोणतं. (हसू नका, तुमच्यातल्या किती जणांना माहीत होतं?)

हे कळायला कारण आमचे पप्पा. सेनगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आयुष्य गेलं, गेल्या वर्षी रिटायर झाले आणि फंडाचे पैसे हातात आले. पैसे आले की सल्लेही येतात! गावाबाहेर एका शेतात चुना टाकून प्लॉट आखले होते. एक गुंठा, म्हणजे 33 बाय 33 फूट, साडेचार लाख.

पप्पांनी अनुभवी माणसांना विचारायचं ठरवलं. बरोबरच केलं. पुण्याच्या मामांनी फोनवरच निकाल दिला, "दाजी, डोळे झाकून घ्या. जमीन कधी पडत नसते." मामांचे पुण्यात दोन फ्लॅट, त्यांचा भाव आयटी कंपन्यांनी चढवला. सेनगावात पैसा खेळतो तो सोयाबीन आणि हळदीचा. हळद पडली की प्लॉटचं गिऱ्हाईकही पडतं. मामांचा अनुभव खरा, पण तो पुण्याचा.

मग आडत दुकानवाले काका. गावात त्यांचे सहा प्लॉट, म्हणजे आमच्याकडचे वॉरन बफेच! "घेऊन टाका गुरुजी, दोन वर्षांत डब्बल होते." चहा झाला, पप्पा उठले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, तुमचा एखादा व्यवहार बुडाला का हो?" पप्पांनी डोळे वटारले. काका जरा थांबले. मग म्हणाले, "एक अटकेल हाय."

तोही असाच, शेतातला एक गुंठा. मालकाने बाँडवर लिहून नोटरी करून दिली, पैसे घेतले. बारा वर्षं झाली, सातबाऱ्यावर काकांचं नाव नाही. मालक वारला, त्याची पोरं म्हणतात आम्हाला काही माहीत नाही.

"आणि ह्या प्लॉटचं?" पप्पांनी विचारलं.

"ह्याचीबी नोटरीच."

"मग आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही भाव विचारला, गुरुजी."

घरी येऊन मी वाचत बसले. नोटरीने मालकी बदलत नाही, त्याला रजिस्टर केलेलं खरेदीखतच लागतं. नुसत्या मुखत्यारपत्रावर विक्री होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये बजावलंय. मग लोक खरेदीखत का करत नाहीत? कारण 1947 चा तुकडेबंदी कायदा. 2023 पासून आपल्याकडे जिरायत जमिनीला किमान 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे अशी मर्यादा आहे. एका गुंठ्याचं खरेदीखत होणार कसं? 2025 मध्ये सरकारने शहरी हद्दीतल्या जुन्या तुकड्यांना सवलत आणली खरी, पण आमचं शेत गावाबाहेरचं आणि चुना ताजा!

आता काका लबाड आहेत का? मला नाही वाटत. आपण लॅबमध्ये काय करतो? चुकलेली रीडिंग्ज रफ वहीत, आणि सरांसमोर जाते ती फेअर जर्नल. ग्राफ अगदी सरळ! अनुभवी माणूसही आपल्याला फेअर जर्नलच दाखवतो. मुद्दाम नव्हे, सवयीने. शिवाय शेजारचा प्लॉट खपला की त्याच्याही प्लॉटचा भाव चढतो, तो भाग वेगळा. म्हणून माझं म्हणणं, 'घेऊ का?' हा प्रश्नच चुकीचा. त्यावर जो तो आपल्या खिशातून उत्तर देतो. 'तुमचे कुठे अडकले?' असं विचारा. ते सांगताना काकांना 'डब्बल' हा शब्द आठवला नाही. लाजेची गोष्ट आहे, मान्य. मोठ्या माणसाला असं विचारायला जीभ रेटत नाही. पण पस्तीस वर्षांच्या खडूचा पैसा आहे राव!

पप्पांनी प्लॉट घेतला नाही, एफडी केली. मामा म्हणतात, दाजींनी चान्स घालवला. घालवलाही असेल, कोण जाणे!

काका मात्र परवा बसस्टँडवर भेटले. चार माणसांत मोठ्याने विचारलं, "काय इंजिनेर, तुमचे किती विषय अटकेल हायेत?"

सांगावंच लागलं. एम-थ्री.