बट्टा उघड असावा

केळापूर तालुक्याची दक्षिण सीमा जिथे पैनगंगेस भिडते, तिथून नागपूर-हैदराबाद महामार्गाची वाहने अहोरात्र नदी ओलांडतात, आणि पाटीवरची लिपी बदलली नसती तर आपण तेलंगणात आलो हे प्रवाशाच्या ध्यानीही आले नसते. परंतु निजामाचे राज्य होते तोवर ही नदी ओलांडणे म्हणजे एका अर्थी परदेशगमनच होते. अलीकडे इंग्रजी अंमलातला वऱ्हाड आणि पलीकडे मोगलाई; तिचे टपाल निराळे, जकात निराळी आणि नाणेही निराळे.

इकडचा रुपया कलदार, तिकडचा हाली. 6 कलदारांस 7 हाली हा रूढ भाव. तंतोतंत हिशेब करायचा तर शंभर कलदारांस 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, आणि सराफाचा बट्टा त्यातून वजा. बैलजोडी खरेदी करावयास किंवा सोयऱ्यांच्या लग्नास निघालेला माणूस अक्षरशत्रू असला तरी त्यास हा हिशेब तोंडपाठ असणे भागच होते, कारण वस्तूची किंमत विचारण्यापूर्वी ती हालीत की कलदारात, हे विचारल्यावाचून व्यवहार होत नसे. करोडगिरीच्या नाक्यावर मालाच्या किमतीवर साधारणतः शेकडा 5 महसूल भरावा लागे, तो वेगळाच. त्या राज्यव्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. परंतु तीत बट्टा हा बट्टा म्हणूनच मागितला जाई आणि देणाराही तो जाणूनबुजून देई, एवढी गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आज याच तालुक्यातली माणसे नागपूर वा हैदराबादहून विमानाने दुबई, बँकॉक, सिंगापूर गाठतात, आणि बट्टा तिथेही द्यावा लागतोच. फक्त तो दिसेनासा झाला आहे. दुबईच्या दुकानात कार्ड पुढे केले की पुष्कळदा यंत्राच्या पडद्यावर दोन रकमा उमटतात, एक दिरहॅममध्ये व दुसरी रुपयांत, आणि परक्या मुलखात आपला रुपया पाहून सुखावलेला प्रवासी सहजच रुपयांवर बोट ठेवतो. समजा, खरेदी 500 दिरहॅमची आहे आणि त्या दिवशीचा भाव 23 रुपये आहे, तर सरळ हिशेबाने 11,500 रुपये व्हावेत. तोच आकडा पडद्यावर 12,075 दिसला, तर 575 रुपये त्या एका स्पर्शाने गेले. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, ज्या देशात आहात त्याच देशाच्या चलनात पैसे द्यावेत, आणि यंत्राने किंवा दुकानदाराने रुपये निवडले असतील तर सही करण्यापूर्वी, संकोच न धरता, ते बदलून मागावेत.

यानेही सगळे निभावत नाही. स्थानिक चलन निवडले तरी आपल्याकडची पुष्कळ कार्डे साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार लावतात व त्या अधिभारावर वस्तू व सेवा कर आकारला जातो. विमानतळावरच्या खिडकीवर बहुधा शुल्क नाही असे लिहिलेले असते, परंतु खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव यांमधले अंतर हेच तिथले शुल्क होय. निघताना उरलेली नाणी बदलून मिळत नाहीत, तेव्हा ती शेवटच्या दिवशीच खर्चून टाकावीत. नोटा मात्र परत आणता येतात, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 2,000 डॉलरपर्यंतचे परकीय चलन पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवण्यास मुभा आहे.

तथापि सारी सावधगिरी प्रवाशाच्याच माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. जन्मभराच्या शिलकीतून हज यात्रेस निघालेला वृद्ध, किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी प्रथमच परदेशी निघालेली आई, यांनी टक्केवारीचे बारीक अक्षर वाचून मगच कार्ड बाहेर काढावे, ही अपेक्षा निर्दय आहे. परदेशी झालेल्या प्रत्येक व्यवहाराच्या संदेशात त्या दिवशीचा बाजारभाव, लावलेला भाव, अधिभार आणि कर, या चारही रकमा वेगवेगळ्या, रुपयांत आणि खातेदाराच्या भाषेत लिहून कळवणे बँकांवर बंधनकारक करावे. हिशेब यंत्रात तयारच असतो. तो खातेदारास दाखवण्याचा हुकूम तेवढा रिझर्व्ह बँकेने काढावयाचा आहे.