शाळेच्या छताला आमचा पाठिंबा : नवी मुंबईकरांचा जाहीरनामा

नवी मुंबईकरांनो, मालमत्ता कराचं बिल एकदा नीट वाचा. त्यात शिक्षण उपकराची एक ओळ असते. १९६२ च्या कायद्याने महापालिका तो गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. दिघ्यातल्या किंवा तुर्भ्यातल्या महापालिका शाळेचं छत गळलं तर ते या ओळीतून बुजत नाही. त्यासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात पैसे ठेवावे लागतात, आणि ज्या कामासाठी लोक बोलतात त्यालाच तिथे पैसे मिळतात. या इमारतींसाठी आजवर बोलले ते तिथल्या मुलांचे आईबाप. आता आम्हीही बोलणार.

आमच्यातल्या बहुतेकांची मुलं खासगी शाळांत आहेत. म्हणूनच आमच्या बोलण्याला वजन आहे. आम्हाला यात घरचं काही मिळवायचं नाही.

हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं आहे. सिडकोने आगरी-कोळ्यांची शेतं आणि मिठागरं घेतली. मोबदल्यासाठी लढताना १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात पाच जण गोळीबारात गेले. पुढे शैक्षणिक भूखंड सवलतीच्या दरात खासगी संस्थांना मिळाले. फी परवडत नाही अशा घरांना, मग ती गावठाणातली असोत की झोपडपट्टीतली, महापालिकेची शाळाच उरली. सारा रयत भरते आणि शिक्षणाचा लाभ वरचे घेतात, हे गाऱ्हाणं जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलं होतं. ते अजून निकालात निघालेलं नाही.

इमारती का खराब होतात? खाडीची खारी हवा, वर कोकणचा पाऊस. भेगेतून पाणी सळईपर्यंत जातं, सळई गंजून फुगते आणि प्लास्टर ढासळतं. त्यावर सिमेंटचा पॅच मारून रंग दिला की इमारत फोटोत छान दिसते, पण आत गंज चालूच राहतो. त्यात अनेक शाळा दोन सत्रांत भरतात, म्हणजे जिने, नळ, स्वच्छतागृहं यांची झीज दुप्पट. तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. महापालिका १९९२ ची. तिच्या सुरुवातीच्या काळातल्या इमारती आता त्याच वयात आल्या आहेत.

पैसे नाहीत, असं या शहरात कुणी म्हणू नये. मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं असलेली ही महापालिका आहे. तिचं अंदाजपत्रक ५,००० कोटींच्या पुढे गेलं आहे आणि बेलापूरचं मुख्यालय पाहुण्यांना कौतुकाने दाखवलं जातं. ठरवलं तेव्हा स्वच्छतेत देशात तिसरा क्रमांकही मिळवला.

खरी अडचण तारखांची आहे. १ एप्रिलला निधी मोकळा होतो, निविदेत दोन-तीन महिने जातात, आणि कार्यादेश निघेपर्यंत पाऊस दारात आणि मुलं वर्गात. म्हणून शाळा-दुरुस्तीच्या निविदा जानेवारीतच काढाव्यात आणि काम मेच्या सुट्टीत उरकावं, ही आमची पहिली मागणी. दुरुस्तीचं लेखाशीर्ष वेगळं असावं आणि त्यातला पैसा वर्षअखेरीस रस्त्यांकडे वळवू नये. प्रत्येक इमारतीचा ऑडिट अहवाल शाळेच्या दर्शनी भागात लावावा, तोही साध्या मराठीत. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तीच करते. तो आराखडा पाहिल्याशिवाय अभियंत्याने अंदाज काढू नये, आणि समितीची सही नसेल तर ठेकेदाराचं शेवटचं बिल थांबावं. या मागणीला सर्वांत जास्त विरोध होईल, म्हणून ती आम्ही सोडणार नाही.

वर्गणी काढून रंगरंगोटी करण्याचे कार्यक्रम आम्ही करणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मूठभर धान्य जमवून वसतिगृहं चालवली, तेव्हा राज्य परक्यांचं होतं. आज कर भरणारेही आपण आणि राज्यही आपलंच. तेव्हा दान नको, तरतूद हवी.

फेब्रुवारीत आयुक्त अंदाजपत्रक मांडतात. त्याआधी आपल्या सोसायटीच्या सभेत ठराव घ्या : ‘आमच्या करातून महापालिका शाळांच्या इमारतींवर आधी खर्च करा.’ एक प्रत आयुक्तांना द्या, दुसरी तुमच्या नगरसेवकाला, आणि पोच घ्यायला विसरू नका.